मदत हवी आहे: करवंटी घालून ओतलेले पेन ब्लँक (बुडबुडे, चिकटपणा, टवके)

फोंड्याचा_लेथ:
लेथवर फिरवून पेन करायला ब्लँक (रेझिनचे कच्चे ठोकळे) ओततोय. इपॉक्सी रेझिन, त्यात हार्डनर (रेझिन घट्ट करणारा भाग), मापाने २:१. साचा सिलिकॉनचा, २० × २० × १३० मिमी. आत नारळाच्या करवंटीचे बोटभर तुकडे. पेन किट साधं स्लिमलाइन (बारीक पेनचं), ७ मिमी पितळी नळीचं. प्रेशर पॉट (रेझिन हवेच्या दाबाखाली घट्ट करायचं भांडं) नाही. तीन अडचणी आहेत:
१. करवंटीला चिकटून बुडबुडे येतात.
२. जूनपासून ब्लँकचा वरचा भाग चिकट राहतो.
३. ड्रिल पलीकडे निघताना टवका उडतो, आणि वाचलंच तर टर्निंगमध्ये (लेथवर तासताना) करवंटीजवळ फुटतं.

साचा_आणि_रंग:
करवंटी वरून काचेसारखी दिसली तरी सच्छिद्र असते. रेझिन तापलं की आतली हवा आणि ओल बाहेर पडते, ते तुमचे बुडबुडे. तुकडे ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा आणि बंद डब्यातच गार करा. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवले तर पुन्हा ओल धरतात. मग पातळ रेझिनचा हात फिरवून ते घट्ट होऊ द्या आणि त्यानंतरच ओता. पॉट घेतलात तर ४० पीएसआय दाब, रेझिन घट्ट होईपर्यंत. घरचा कुकर मात्र वापरू नका. तो साधारण १५ पीएसआयवर शिट्टी देतो, ४० साठी बनलेलाच नाही.

चिकटपणाबद्दल: कोमट साबणपाण्याने घासून बघा. थर निघून गेला तर दमट हवेमुळे हार्डनरचा मेणचट थर वर आला होता. घासूनही नख रुततं का? मग प्रमाण किंवा ढवळणं चुकलंय. २:१ मापाने आहे की वजनाने, हे डब्यावर नीट वाचा. हार्डनर हलका असल्यामुळे दोन्ही एकच नव्हेत.

कडेकडेने:
खरी गोम तुकड्यांच्या आकारात आहे. स्लिमलाइनची नळी ७ मिमी, टोकाला बुशिंग (कुठवर तासायचं ते दाखवणारी कडी) साधारण ८.३. म्हणजे तिथे भिंत उरते जेमतेम ०.६५ मिमी! करवंटी स्वतः ३-४ मिमी जाड. मधोमध ठेवलेली ड्रिल खाऊन टाकतं, कोपऱ्यातली टूल. त्यामुळे २-३ मिमीचा चुरा करा आणि साचा गच्च भरा, किंवा जाड किट घ्या. मोठे तुकडेच दाखवायचे असतील तर स्लिमलाइनचा नाद सोडा.

ड्रिल: ब्लँक नळीपेक्षा १० मिमी लांब कापा, आरपार जाऊ नका. नळीइतकी खोली झाली की थांबा आणि उरलेलं टोक करवतीने कापा, भोक आपोआप उघडतं. वेग ५०० आरपीएमच्या आसपास, दर ५-६ मिमीला बिट बाहेर काढून कीस झाडा. इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडतं, मग बिट घसरून भोक मोठं होतं.

फोंड्याचा_लेथ:
रेझिनमधून पितळी नळी आरपार दिसते, त्याला काय करायचं? आणि ओतल्यावर किती दिवसांनी फिरवायचं?

कडेकडेने:
नळी १५० च्या पेपरने खरवडा. नळीला आणि भोकाच्या आतून एकच रंग द्या, पूर्ण वाळवा. चिकटवायला अ‍ॅराल्डाइट, फेव्हिक्विक नळी अर्ध्यात असतानाच पकडतं. नळीची तोंडं आधी कणकेच्या गोळीने बुजवा, नंतर टोकरून काढा.

फिरवायला सात दिवस थांबा. कीस रबरासारखा लोंबत असेल तर ब्लँक अजून कच्चा आहे.

साचा_आणि_रंग:
टर्निंगमध्ये फुटतं ते करवंटी कठीण, रेझिन मऊ म्हणून; टूल एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. गोल कार्बाइड कटर ४५ अंश कलता धरा आणि अगदी पातळ थर घ्या. साधं स्टील करवंटीवर लवकर बोथट होतं. मॅन्ड्रेलचा (ब्लँक लेथवर धरणाऱ्या दांडीचा) नट आवळून बसवू नका. दांडी वाकते आणि पेन लंबगोल होतं. पॉलिशला ४०० ते २००० ओला पेपर, पण उघडी करवंटी पाणी पिते, म्हणून ६०० नंतर पातळ फेव्हिक्विकचे चार-पाच हात देऊन पुढे जा. मास्क लावाच, करवंटीची धूळ बारीक असते.