अनुभव धागा: स्टुडिओशेजारचे बालपण आणि संगीताची गोडी

ज्यांचे लहानपण ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओजवळ, आकाशवाणी केंद्राच्या आसपास किंवा कॅसेटी तयार होणाऱ्या एखाद्या खोलीच्या शेजारी गेले, त्यांनी येथे आपला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. अशा ठिकाणी संगीत कानावर पडते ते तुकड्यातुकड्यांनी, आणि त्या तुकड्यांनी तुमचा कान कसा घडवला, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे. नामवंत गायक जवळून पाहिल्याच्या आठवणी खूप वाचल्या. येथे ऐकल्याच्या आठवणी हव्यात.

वांद्रे, मुंबई

आमचे घर हिल रोडच्या परिसरात, मेहबूब स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. 1954 मध्ये सुरू झालेला हा स्टुडिओ चित्रीकरणासाठी अधिक ओळखला जातो, पण तेथे गाण्यांचे ध्वनिमुद्रणही होत असे. त्यामुळे आम्हाला घरबसल्या गाणी ऐकायला मिळत असतील, असे अनेकांना वाटते. परंतु ज्या दालनातून आवाज बाहेर येतो, ते ध्वनिमुद्रणाचे दालन कसले?

आम्ही ऐकले ते शेजारच्या गॅलरीतले व्हायोलिन. ते वाजवणारे गृहस्थ मूळचे गोव्याचे होते आणि चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकले होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी स्वरलिपीत लिहिलेले कागद समोर येताच वाजवू शकणारी गोव्याच्या वादकांची जी पिढी मुंबईच्या चित्रपटसंगीतात होती, त्यांपैकी ते एक. त्या काळी गायक आणि सारा वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण एकत्रच होई, आणि एकाचा स्वर चुकला तरी सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. दिवसभर असा घोटलेला तुकडा बोटांत राहत असावा, कारण संध्याकाळी घरी आल्यावर ते तोच वाजवीत बसत. मध्येच थांबत आणि पायाने मात्रा मोजून पुढचा तुकडा उचलत. त्या शांततेत तिकडे कोणीतरी गात असणार, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी रेडिओवर एक गाणे लागले आणि गायिकेच्या आवाजामागे, अगदी तळाशी, मला ते व्हायोलिन सापडले. घरातले सगळे शब्द ऐकत होते. रेकॉर्डच्या लेबलवर वादकांची नावे नसत, याचा मला त्या दिवसापासून जो राग येऊ लागला, तो अजून शमलेला नाही.

शिवाजीनगर, पुणे

माझे वडील पुणे आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात होते आणि साठच्या दशकात मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर केंद्रावर जात असे. दारावरचा लाल दिवा लागला की बोलणे बंद. दिवा लागण्यापूर्वीचा वेळ माझा होता, कारण तेव्हा दार उघडे असे आणि तंबोरे जुळत असत. जव्हारीतला, म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला, दोरा किंचित सरकला की बोथट वाटणारी तार एकाएकी कशी बोलू लागते, हे मी तेथे ऐकले.

आमच्या घरी आजोबा पेटीवर भजने म्हणत, मात्र आकाशवाणीवर 1940 पासून पेटीला बंदी होती आणि ती 1971 मध्ये अंशतः उठली. त्यामुळे केंद्रावर गायकाच्या साथीला सारंगी ऐकू येई. दोन पट्ट्यांच्या मध्येही स्वर असतात, हे मला कोणी समजावले नाही. सारंगीने ते ऐकवले. बंदीचे समर्थन मी करणार नाही, कारण पेटीवादकांवर तो अन्यायच होता, पण माझ्या कानाला तिचा फायदा झाला, हेही खरे.

ठाणे

वरील दोन्ही अनुभवांच्या मानाने आमचे वैभव किरकोळ आहे. ऐंशीच्या दशकात आमच्या खालच्या खोलीत कोळीगीते, भीमगीते आणि भजने यांच्या कॅसेटी तयार होत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला गोधड्या, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद. तरीही आईच्या कुकरची शिट्टी आत पोहोचे आणि एक घामाघूम मुलगा वर येऊन, "काकू, पाच मिनिटं गॅस बंद ठेवा," अशी विनवणी करी.

ट्रे आणि गोधड्या आवाजातला तीव्र भाग शोषत. खर्जाला त्या अडवू शकत नसत. परिणामी गायकाचा एकही शब्द आमच्यापर्यंत येत नसे, पण ढोलकीचा भरीव नाद जमिनीतून थेट पाठीला जाणवे, कारण आम्ही मुले दुपारी फरशीवर झोपत असू. पुढे मी तबला शिकू लागलो, तेव्हा खर्जाचा डग्गा वाजवणारा माझा डावा हात आधी तयार झाला आणि उजव्याने मात्र गुरुजींना बरीच वर्षे छळले.