निबंध थांबवा, पंचनामा लिहू द्या: पुराव्यानिशी मत मांडायला लेकरांना खेळातून शिकवावं का?

गोदाकाठ (मराठी शिक्षिका, परभणी जिल्हा)

'मोबाइल: शाप की वरदान' हा विषय नववीच्या वर्गाला द्या, सगळ्या वह्यांत एकच निबंध निघतो. सुरुवात 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे', शेवट 'नाण्याला दोन बाजू असतात'. मधे लेकरानं स्वतः पाहिलेलं, मोजलेलं, कुणाला विचारलेलं काहीच नसतं. मत मांडणं म्हणजे ठणकावून बोलणं, हा समज आपणच त्यांना करून दिलाय. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस आवाजालाच मिळतं ना. म्हणून मी म्हणते, पुराव्यानिशी लिहिणं शिकवायचं तर सुरुवात निबंधानं नको, खेळानं करा.

मी 'पंचनामा' खेळते. शाळेच्या लिंबाखाली फुटका माठ मांडायचा. भोवती ओली माती, शेजारी दगड, थोड्या शेळीच्या लेंड्या, एक चप्पल. चार-चार जणांचे पंच करायचे. माठ कसा फुटला ते ठरवायचं, पण तोंडानं नाही, कागदावर. वाक्यं तीनच. मी असं म्हणते. कारण मला हे दिसलं. आणि हे दिसलं म्हणजे तसंच झालं असणार, ते का.

पहिल्या दमात सगळ्यांनी शेळीला धरलं. मग एका मुलीनं काडीनं लेंडी फोडून बघितली आणि लिहिलं, "लेंड्या आतपर्यंत वाळल्यात, आजच्या नाहीत." दुसऱ्या गटानं मोठं खापर उचललं तर खालची माती कोरडी! त्यांचं तिसरं वाक्य असं होतं: "भरलेला माठ फुटला असता तर खापराखाली ओल असती. म्हणून माठ रिकामा होता आणि पाणी मागून ओतलंय." हे मी कुणालाही सुचवलं नव्हतं.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारा दुवा वेगळे करून दाखवले. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच अवयवांची मांडणी कितीतरी आधीपासून आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. आपली लेकरं धुरापर्यंत येतात आणि 'जिथं धूर तिथं अग्नी' लिहायचंच राहतं. ते लिहायची सवय खेळातच लागते, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

क्लासवाले सर, लातूर

मॅडम, तळमळ पटली, उपाय पटला नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात (कुमारभारती) प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं एकच लिहायचं असतं. बहुतेक लेकरं आत्मकथन निवडतात, सोपं जातं. शिक्षकानं चार तासिका माठावर घालवायच्या आणि पालकांनी विचारायचं, मार्क किती वाढले?

दुसरा आक्षेप याहून मोठा. मजेत शिकलेलं मजेपुरतंच राहतं. लेकराला शेळी आठवेल, माठ आठवेल. महिन्यानं 'शेतीत यांत्रिकीकरण हवे का' असा विषय दिला की ते परत 'आजचे युग' लिहिणार. खेळातून निबंधापर्यंत पूल कुठं आहे? माझ्या अनुभवात आधी सरळ, शुद्ध वाक्य लिहिता यावं लागतं. अर्ध्या वर्गाला परिच्छेद पाडता येत नाही. आधी नमुना द्या, गिरवू द्या, मग सुचेल. लातूर पॅटर्नला, म्हणजे आमच्याकडच्या भरपूर सरावाच्या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवणारे खूप भेटतात. पण खेड्यातलं लेकरू त्याच सरावाच्या जोरावर डॉक्टर झालेलं मी पाहिलंय.

गोदाकाठ

सर, पुलाबद्दल विचारलंत ते बरं केलंत. खरं काम तिथंच आहे.

माठानंतरच्या तासाला मी तुमच्याच गावचा विषय दिला: २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणणं योग्य होतं का? वाक्यं तीच तीन. माहिती एवढीच दिली: एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली ती १० वाघिणींची (पाण्याच्या टाकीच्या डब्यांची), दर वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास. लेकरांनी भागाकार केला, माणशी साडेसहा लिटर.

त्या एका आकड्यावरून वर्ग दुभंगला. एक गट म्हणाला, योग्य, कारण माणसाला प्यायला आणि स्वयंपाकाला एवढं तरी लागतंच. दुसरा म्हणाला, अयोग्य, कारण एवढ्यात धुणं-भांडी सोडा, अंघोळसुद्धा होत नाही आणि टँकर काही थांबले नाहीत. आकडा एकच, निष्कर्ष दोन! मग आपोआप प्रश्न निघाला: 'पुरेसं' कशाला म्हणायचं? हाच तो दुवा. माठाच्या वेळी जो हात खापर उचलायला गेला, तोच इथं भागाकाराला गेला. नमुना गिरवून हे होत नाही, सर.

वकील, अंबाजोगाई

मी खेळाच्या बाजूनं आहे, पण मॅडमच्या मांडणीत एक गफलत आहे. पंचनाम्यात पंच निष्कर्ष काढत नाहीत. काय, कुठं, कोणत्या स्थितीत दिसलं एवढंच लिहितात. 'माठ रिकामा होता' हे पंचांचं काम नाही, ते युक्तिवादात येतं. दोन्ही एका कागदावर आलं की लेकरू निष्कर्ष आधी ठरवतं आणि डोळ्यांना तेवढंच दिसायला लागतं. मोठी माणसंही हेच करतात.

दोन कागद करा. पहिल्यावर फक्त दिसलेलं, आणि तो पहिला गोळा करून घ्या. मग दुसरा द्या. त्यातसुद्धा समोरच्या गटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी लिहायला लावा. विरुद्ध बाजू न वाचता उभा राहिलेला वकील मी रोज बघतो, त्याचं पुढं काय होतं तेही बघतो.

विज्ञान शिक्षक, वसमत

मला मांडलेला माठच मान्य नाही. उत्तर बाईंना आधीच माहीत असतं आणि लेकरं बाईंच्या चेहऱ्याकडं बघून ते ओळखतात. आमच्याकडं खरं प्रकरण पायाखाली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरी भागात जमिनीतून गूढ आवाज येतात. गावात तीन मतं: खाणीतले सुरुंग, बोअर मारून जमीन पोकळ झाली, किंवा भूकंप.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वर्गात विचारलं, नांदेड-परभणीतल्या पाहुण्यांना फोन करा, त्यांना जाणवला का? जाणवला होता. मग एका मुलानं लिहिलं: "खाणीतल्या सुरुंगाचा हादरा तीन जिल्ह्यांत एकाच वेळी पोचत नाही, म्हणून हा धक्का सुरुंगाचा नाही." पुढं त्यानंच जोडलं, "पण रोजच्या लहान आवाजांबद्दल मी हे म्हणू शकत नाही." हे शेवटचं वाक्य मला सगळ्या निबंधांहून मोलाचं वाटतं.

आणि याला 'मजा' म्हणायला मी तयार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आमच्या घराघरात अजून सांगतात. अफवा उठली की बाया-बापड्या लेकरं घेऊन रात्रभर अंगणात बसतात. पुरावा तपासता येणं ही इथं गरज आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

एवढ्या लांब कशाला जाता? आपल्या मातीत कलगी-तुरा आहे. दोन फड समोरासमोर, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. लेकरांना ठेका द्या, डफ द्या, बघा कशी तुटून पडतात.

गोदाकाठ

गुरुजी, कलगी-तुऱ्याचा मला अभिमान आहे, पण या कामाला तो चालणार नाही. तिथं समोरचा निरुत्तर झाला की जिंकलो. लिहिताना समोरचा निरुत्तर व्हायला नको, त्याचं म्हणणं माझ्या कागदावर यायला हवं. वकीलसाहेबांची दोन कागदांची सूचना मात्र उद्यापासून घेते.

वसमतच्या सरांना एवढंच: पहिल्याच तासाला भूकंप दिला तर भित्रं लेकरू गप्प बसतं. माठ चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. चुकायची भीती जायला आधी ती जागा लागते.

पालक, बीड जिल्हा

मी शिक्षक नाही. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलात परत येतात. त्या लेकरांचा माठ कुठंय? गटात बसवलं की शहाणं, बोलकं लेकरू बोलतं, बाकीचे नाव टाकतात. माझी पोरगी घरी सांगते, "मी फक्त कागद धरला होता." खेळानं हुशाराचं भलं होतं. मागं पडलेल्याला क्लासवाले सर म्हणतात तसा नमुनाच बरा, निदान हातात काहीतरी राहतं.

क्लासवाले सर, लातूर

हेच मी म्हणत होतो.

गोदाकाठ

ताई की दादा, जे असाल ते, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. गटात पाहायचं, लिहायचं मात्र ज्याचं त्यानं, हा नियम मी करीन. पण नमुन्यानं त्या लेकराच्या हातात काय राहतं? दुसऱ्याची वाक्यं. उसाच्या फडावरून आलेल्या लेकराला मोळी, टन, भाव, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) सगळं तोंडपाठ असतं. 'आमची उचल फिटली' हा दावा धरा. पुरावा म्हणजे ऊस मोजणाऱ्या वजनकाट्याच्या पावत्या. वर्गातल्या कुणापेक्षा ते लेकरू भक्कम लिहील.

पालक, बीड जिल्हा

पावत्या मुकादमाकडं, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडं राहतात, मॅडम. मागितल्या तरी मिळत नाहीत. आमच्या लेकराच्या हातात पुरावा येतच नाही, मग ते लिहिणार काय?

वकील, अंबाजोगाई

तेच लिहावं. कोणत्या तारखेला, कुणापुढं पावती मागितली आणि काय उत्तर मिळालं. ज्याच्या ताब्यात कागद आहे आणि जो तो दाखवत नाही, त्याचा कागद त्याच्याच विरुद्ध जाणारा असावा, असं न्यायालय धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये हे होतंच, नव्या कायद्यातही आहे. मागणीची नोंद मात्र हवी. घरात रोज खेपा किती झाल्या हे लेकरानं वहीत तारखेनिशी लिहिलं, तर हिशेबाच्या वेळी मुकादमासमोर ठेवायला काहीतरी असेल. नमुन्यातल्या निबंधाचा तिथं उपयोग नाही.

पालक, बीड जिल्हा

तारखेनिशी वही पोरगी ठेवील. पण आमच्याकडं अशी वही काढून दाखवली तर पुढच्या वर्षी उचल मिळत नाही. हेही तुमच्या दुसऱ्या कागदावर, समोरच्या बाजूचा मुद्दा म्हणून लिहा.