क्वार्टरबॅकच्या दुसऱ्या कराराची किंमत कशी ठरते?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक; नवखेपणीच्या पहिल्या करारानंतर त्याचा दुसरा करार होतो. अशा दोन क्वार्टरबॅकपैकी जो बरो याने २०२३ मध्ये आणि ट्रेव्हर लॉरेन्स याने २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी २७.५ कोटी डॉलरचेच करार केले. दोघांच्या कामगिरीत उघड फरक असताना आकडा तोच कसा?

उत्तर: आकडा तोच असला तरी किंमत तीच नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. ती २०२३ मध्ये २२.४८ कोटी डॉलर होती आणि २०२४ मध्ये २५.५४ कोटी झाली. वर्षाला सरासरी ५.५ कोटी म्हणजे बरोच्या वेळी मर्यादेचा सुमारे २४.५ टक्के, तर लॉरेन्सच्या वेळी सुमारे २१.५ टक्के हिस्सा. वाटाघाटीत नजर याच हिश्श्यावर ठेवावी. डॉलरचा आकडा, माझ्या मते, बातमीच्या मथळ्यापुरता असतो.

उत्तर: त्यात हमीची रक्कमही धरायला हवी, कारण खेळाडूला करारमुक्त करून संघ उरलेले पैसे देणे टाळू शकतो. क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनचा २०२२ मधला २३ कोटी डॉलरचा करार संपूर्ण हमीचा होता, पण इतर मालकांनी तो पायंडा पडू दिला नाही.

प्रश्नकर्ता: मग संघ थोडे थांबून का पाहत नाहीत?

उत्तर: नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूशी तीन हंगामांनंतर नवा करार करता येतो, आणि पहिला करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय संघाच्या हाती असल्याने थांबणे शक्यही असते. मात्र दरम्यान दुसऱ्या कोणा क्वार्टरबॅकने मोठ्या करारावर सही केली, की तोच आकडा पुढच्या बोलणीची सुरुवात ठरतो.