अर्थ हवा आहे: 'अर्धगट' मध्ये नक्की अर्धं काय असतं?

चिंचोका: एमएस्सीच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढतेय, विषय रेषीय अवकल समीकरणं, पण फलनांच्या (फंक्शन्स) अमूर्त अवकाशातली (स्पेस). दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. 'अवकाश' म्हटलं की मुलांना यान आठवतं, आणि सेमीग्रुपला 'अर्धगट' लिहिलं तर एकानं विचारलं मॅडम उरलेला अर्धा कुठे गेला. शब्द बदलू का?

जुना मास्तर: अवकाश अजिबात बदलू नका. "जेवायला अजून अवकाश आहे" ह्यात कुठलं यान आलं? हिंदीवाले समष्टि म्हणतात, त्यांच्याकडे अवकाश म्हणजे सुट्टी. आता अमूर्त कसं सांगायचं, तर एक सळई घ्या, दोन्ही टोकं बर्फात. कुठल्याही क्षणी सळईवर कुठे किती तापमान ह्याचा एक आख्खा आलेख असतो, तो आख्खा आलेख म्हणजे एकच बिंदू मानायचा आणि असे सगळे बिंदू मिळून अवकाश. पोलंडच्या बानाख ह्या गणितज्ञानं १९२२ साली छापलेल्या प्रबंधात असे अवकाश मांडले. मग उष्णतेचं समीकरण नुसतं 'यूचा कालदर = ए यू' एवढं उरतं, यू म्हणजे तो तापमानाचा आलेख आणि ए म्हणजे लांबीच्या दिशेनं दोनदा अवकलन (डिफरन्सिएशन).

चिंचोका: मग उत्तर 'ई चा टीए घात', झालं की!

उंटावरचा शहाणा: इथेच तर गोम आहे. ए साधा मॅट्रिक्स असता तर घातश्रेणी लिहून मोकळे झालो असतो, पण दोनदा अवकलन म्हणजे बेलगाम प्रकार, साइन एनएक्स आत टाकला की एनच्या वर्गाच्या पटीत फुगून बाहेर येतो आणि एनला तर काही मर्यादाच नाही. शिवाय अर्धी सळई गरम अर्धी गार असा तुटका आलेख दिला तर ए त्याला लागूच पडत नाही. परिभाषेत ह्याला अपरिबद्ध म्हणतात, मला बेलगाम जास्त आवडतो पण पेपरात त्याला मार्क मिळायचे नाहीत. कुठल्या बेलगाम ए चा घात काढता येतो ते हिल आणि जपानचे योसिदा ह्या गणितज्ञांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलं. त्यातली हिलची वाट चक्रवाढ व्याजासारखी आहे, काळाचे एन तुकडे करायचे, दर तुकड्याला '१ वजा टीए भागिले एन' चा व्यस्त (म्हणजे उलटी क्रिया) लावायचा आणि एन वाढवत न्यायचा. व्यस्त घेतला की अवकलनाच्या जागी समाकलन येतं, म्हणून काही फुगत नाही. भारी डोकं!

जुना मास्तर: आणि 'अर्ध'चं उत्तर त्या मुलाला असं द्या. गटात (ग्रुप) प्रत्येक घटकाला व्यस्त लागतो. इथले घटक म्हणजे 'टी सेकंद पुढे ने' ह्या क्रिया, दोन पुढे मग तीन पुढे म्हणजे पाच पुढे, इथवर सगळं गटासारखंच, पण मागे न्यायची सोय नाही. सळईची लांबी पाय धरली आणि एककं सोयीची घेतली तर साइन १०एक्स हा भाग एका एकक काळात ई चा उणे १०० घात इतका क्षीण होतो. उलटं जायचं तर तोच भाग ई चा १०० घात पटीनं वाढवावा लागेल, म्हणजे एकावर ४३ शून्यांच्याही वर, आणि थर्मामीटरची चिमूटभर चूकही तितकीच वाढणार. उरलेला अर्धा म्हणजे मागचा काळ हो! (बीजगणितवाले म्हणतील अर्धगटाला तटस्थ घटकसुद्धा (काहीच न बदलणारा) लागत नाही. खरंय, पण इथे तो असतो, टी शून्य.)

चिंचोका: हे मस्त आहे, असंच्या असं टाकते. मग तारेच्या कंपनाला काय म्हणायचं, ते तर मागेही चालवता येतं ना?

उंटावरचा शहाणा: तिथे पूर्ण गट. पुंजयामिकीतल्या (क्वांटम) श्रोडिंगरच्या समीकरणालाही तेच, त्यासाठी स्टोनचं १९३२ चं प्रमेय बघा.

चिंचोका: आणि ऑपरेटरला, म्हणजे ए सारख्या क्रियेला? कारक?

जुना मास्तर: कारक लिहिलंत तर व्याकरणवाले धावून येतील. संकारक आहे, पण हिंदी वळणाचा. मी वर्गात ऑपरेटरच म्हणायचो, कोणाचं काही अडलं नाही.