'युनिटरी'ला काय म्हणायचं: एकात्म की एककेंद्री?

रानजाई: राज्यशास्त्राच्या एका पुस्तकाचं भाषांतर करते आहे. 'युनिटरी'ला, म्हणजे सगळी सत्ता मुळात केंद्राकडे असलेल्या राज्याला, मी 'एकात्म' लिहिलं, कॉलेजात तेच शिकले होते. तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून 'एककेंद्री' केलं. 'फ्रान्स हे एकात्म राज्य आहे' वाचून तिथे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही काय वापरता?

शब्दवेडा: खोडलं ते बरोबरच. एकात्म हा मनाचा शब्द. 'राष्ट्रीय एकात्मता' ऐकून कान तसेच तयार झालेत. इथे प्रश्न सत्ता कुठून निघते याचा आहे.

मुसाफिर: पण केंद्र संघराज्यातही एकच असतं की! मग 'एककेंद्री'ने वेगळं काय कळलं? खरी मेख अशी, की खालच्यांना दिलेले अधिकार वरच्यांना परत घेता येतात का. एककेंद्री ब्रिटनमधल्या उत्तर आयर्लंडला १९२१ पासून स्वतःची संसद होती. १९७२ मध्ये लंडनने ती स्थगित केली, पुढच्या वर्षी रद्दच केली. जर्मनी या संघराज्यात मात्र देशाची घटकराज्यांत असलेली विभागणी घटनादुरुस्ती करूनही मोडता येत नाही.

जुनी वही: 'फेडरल' म्हणजे 'संघराज्यीय'; त्याच्या मुळाशी लॅटिन 'फोएडुस' आहे, म्हणजे तह, करार. 'संघ' शब्दात नुसतं जमणं दिसतं, वचनाने बांधून घेणं दिसत नाही. मी टिपणांत 'करारराज्य' लिहायचे. अजूनही मला तोच शब्द खरा वाटतो.

मुसाफिर: मग भारताचं काय करायचं? संविधानाच्या पहिल्या कलमात 'राज्यांचा संघ' आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्याचं कारण सांगितलं: हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणालाच फुटून जाण्याचा हक्क नाही. तुमचा शब्द इथेच अडतो.

जुनी वही: अडू दे. अमेरिकेला चपखल बसतो. तेरा राज्यं आधी होती, मग त्यांनी संघ केला.

पायवाट: एवढा खल कशाला? 'युनिटरी', 'फेडरल' असंच लिहा, विद्यार्थ्यांना तेच समजतं.

शब्दवेडा: समजत नाही, पाठ होतं. 'संघराज्य' म्हटलं तर निदान दोन ओळखीचे शब्द हाताला लागतात.

पायवाट: बरं, संविधान 'संघ' म्हणतं, तर आपण सगळे 'केंद्र सरकार' का म्हणतो?

जुनी वही: माझे वडील 'मध्यवर्ती सरकार' म्हणायचे. जुन्या वर्तमानपत्रांतही तेच सापडेल. 'केंद्र' कधी रुळलं, कोणाकडे कात्रणं आहेत का?