१, २, ३ असे आकडे घातलेल्या रकान्याची सरासरी काढता येते का?

प्रश्न – कोरेगाव, जि. सातारा

नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत नोंदी आणि हिशेब ठेवण्याचे काम करते. माझे शिक्षण कला शाखेतले असून दहावीनंतर गणिताशी फारसा संबंध आला नाही. या हंगामात आले लावणाऱ्या आमच्या ८४ सभासदांकडे जाऊन मी माहिती गोळा केली. वहीत गाव, मोबाइल क्रमांक, ओलिताचे साधन, कंदकूज (आल्याचे कंद कुजण्याचा रोग) किती लागली, क्षेत्र किती गुंठे आणि उत्पादन किती गाड्या, असे रकाने होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की आमच्याकडे आल्याचा व्यवहार गाडीवर होतो आणि एक गाडी म्हणजे ५०० किलो.

संगणकावर भरताना सोपे जावे म्हणून मी विहिरीला १, कालव्याला २ आणि बोअरला ३ असे आकडे दिले. कंदकूज नसेल तर ०, थोडी असेल तर १, मध्यम असेल तर २ आणि फार असेल तर ३ लिहिले. सगळे भरून झाल्यावर प्रत्येक रकान्याखाली सरासरीचे सूत्र घातले आणि तो तक्ता तसाच बैठकीत ठेवला. ओलिताच्या साधनाची सरासरी १.९ आली होती. आमच्या एका वयस्कर संचालकांनी ती ओळ बोटाने दाखवून विचारले, "ही एक पूर्णांक नऊ म्हणजे विहीर धरायची की कालवा?" मला उत्तर देता आले नाही, आणि घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की ते उत्तर कोणालाच देता आले नसते.

कोणत्या रकान्याची सरासरी काढावी आणि कोणत्याची काढू नये, हे कसे ओळखावे? मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिन्ही शब्द शाळेत पाठ केले होते, पण सभासदांना सांगताना यांपैकी कोणता वापरावा? आणि या ८४ जणांवरून संपूर्ण तालुक्याविषयी काही म्हणता येईल का? कृपया अगदी सुरुवातीपासून सांगावे.

उत्तर १ – निवृत्त प्राध्यापक, कराड

आपल्या संचालकांनी योग्य जागी बोट ठेवले. संख्याशास्त्र शिकवताना मी पहिल्या तासाला सूत्र न देता हाच प्रश्न विचारत असे, की समोरचा आकडा कशाचा आहे.

एक सोपी कसोटी सांगतो. आपण विहिरीला १ दिला तो सोयीसाठी. उद्या आपण बोअरला १ आणि विहिरीला ३ दिला, तर सरासरी १.९ ऐवजी २.१ होईल, आणि तेवढ्या वेळात गावातली एकही विहीर बुजलेली नसेल किंवा नवीन बोअर पडलेले नसेल. ज्या आकड्यांची अदलाबदल केल्याने वस्तुस्थितीत काहीच फरक पडत नाही, ते आकडे फक्त नावाच्या जागी उभे असतात. अशा माहितीला नामश्रेणीची माहिती म्हणतात. पिनकोड, मोबाइल क्रमांक, वाहनाच्या पाटीवरचा जिल्ह्याचा क्रमांक हे सगळे यातच येते. साताऱ्याची गाडी एमएच ११ आणि सांगलीची एमएच १० असते, म्हणून सातारा एकाने मोठा, असे कोणी म्हणत नाही. या प्रकारात मोजदाद करता येते, टक्केवारी काढता येते आणि सर्वांत जास्त वेळा आलेला प्रकार, म्हणजे बहुलक, सांगता येतो. "सर्वाधिक सभासदांचे ओलीत विहिरीवर आहे" हे वाक्य पूर्ण आणि खरे असू शकते, १.९ हे कोणत्याच अर्थाने खरे नाही.

कंदकुजीचा रकाना याच्या एक पायरी वर आहे. तिथे आकड्यांना क्रम आहे, कारण मध्यम कूज थोड्या कुजीपेक्षा नक्कीच जास्त असते. मात्र थोडी आणि मध्यम यांतले अंतर मध्यम आणि फार यांतल्या अंतराएवढेच आहे, असे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. ही क्रमश्रेणी. इथे मध्यक वापरावा, म्हणजे सर्व शेतकरी कुजीच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्याकडे किती कूज आहे ते पाहावे. काही जण अशा रकान्याचीही सरासरी काढतात आणि दोन वर्षांची तुलना करताना तिचा थोडा उपयोगही होतो. परंतु नवशिक्याने ती सवय लावून घेऊ नये, असे माझे मत आहे.

या दोन्ही प्रकारांना मिळून गुणात्मक माहिती म्हणतात. आपले उरलेले दोन रकाने, क्षेत्र आणि उत्पादन, संख्यात्मक आहेत. त्यातही दोन जाती असतात. घरातील माणसे, गोठ्यातील जनावरे, शेतातील बोअर हे मोजून एक, दोन, तीन असेच येतात, म्हणून ते खंडित चल (चल म्हणजे माणसागणिक बदलणारे माप). वजन, क्षेत्र, पाऊस यांत कोणत्याही दोन मापांच्या मध्ये आणखी एक माप बसू शकते, म्हणून ते अखंडित चल. आपण उत्पादन पूर्ण गाड्यांत लिहिले असेल, तरी ते मूळचे वजनच आहे, त्यामुळे ते अखंडितच धरावे.

आता सरासरीकडे येतो. समजा, सात शेतकऱ्यांचे आल्याखालचे क्षेत्र १०, १५, २०, २०, २५, ३० आणि १६० गुंठे आहे. बेरीज २८० येते, तिला सातने भागले की मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, ४० गुंठे येते, म्हणजे बरोबर एक एकर. आपण बैठकीत "आपला सरासरी शेतकरी एकरभर आले लावतो" असे सांगितले, तर सातांपैकी सहा जण आपापसांत पाहतील, कारण त्यांच्यापैकी कोणाचेच क्षेत्र तेवढे नाही. शेवटच्या एका चार एकरवाल्याने सरासरी आपल्याकडे ओढून घेतली आहे. चढत्या क्रमाने मधले, म्हणजे चौथे माप २० गुंठे आहे. तो मध्यक, आणि योगायोगाने बहुलकही तोच आहे. जमीन, उत्पन्न, कर्ज यांसारख्या गोष्टींत थोड्यांकडे पुष्कळ आणि पुष्कळांकडे थोडे असते, तिथे सभासदांना मध्यक सांगणे जास्त प्रामाणिक ठरते. बेणे किती लागेल, अशी एकूण गरज काढायची असेल, तेव्हा मात्र मध्यच हवा, कारण मध्याला शेतकऱ्यांच्या संख्येने गुणले की एकूण क्षेत्र मिळते. मध्यकाने ते मिळत नाही.

एकरी उतारा काढताना एक चूक हमखास होते, तीही सांगून ठेवतो. एकाने १० गुंठ्यांत ६ गाड्या काढल्या, म्हणजे एकरी २४. दुसऱ्याने ८० गुंठ्यांत ३२ काढल्या, म्हणजे एकरी १६. या दोन उताऱ्यांची सरासरी २० येते. पण दोघांचे मिळून ९० गुंठ्यांत ३८ गाड्या आले निघाले, म्हणजे एकरी जेमतेम १७. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात प्रत्येक शेतकऱ्याला सारखे वजन मिळते, तर दुसऱ्यात प्रत्येक गुंठ्याला. कोणता घेतला, ते तक्त्याखाली लिहावे.

उत्तर २ – कृषी सहायक, खटाव तालुका

सरांनी सांगितलेल्या गोष्टींत क्षेत्रावरच्या कामाच्या अनुभवातून भर घालतो.

पहिली गोष्ट रिकाम्या जागांची. ज्यांचे उत्पादन कळले नाही, त्यांच्यापुढे आपण काय लिहिले, हे तपासा. आल्याचा दर पडला की आपल्याकडचे बरेच शेतकरी आले न काढता जमिनीतच ठेवतात आणि पुढच्या वर्षी जुने आले म्हणून काढतात. अशा शेतकऱ्यापुढे ० लिहिले गेले, तर संगणक त्याचे सगळे पीक बुडाले असे समजतो आणि सरासरी खाली आणतो. शून्य हे माप आहे, "माहिती नाही" हे माप नाही, आणि "अजून काढले नाही" ही तिसरीच गोष्ट आहे. या तिन्हींसाठी तीन वेगळ्या खुणा ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या शेवटच्या प्रश्नाची. ज्यांच्याविषयी बोलायचे आहे तो सगळा समूह म्हणजे समष्टी, आणि त्यातून आपण प्रत्यक्ष पाहिलेला भाग म्हणजे नमुना. आपले ८४ जण कंपनीचे सभासद आहेत. जो सभासद होतो, तो बहुधा रस्त्याच्या जवळचा, पाण्याची सोय असलेला आणि बैठकांना येणारा असतो. त्यामुळे आपल्या सभासदांविषयी आपण खात्रीने बोलू शकता, पण तालुक्याविषयी नाही, मग ८४ ऐवजी ३०० सभासद घेतले तरीही. नमुना मोठा असण्यापेक्षा तो कसा निवडला याला जास्त महत्त्व आहे. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढताना, आम्ही चांगले दिसणारे शेत स्वतः निवडत नाही. गट क्रमांक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा, निघतो आणि शेतात चौकोन कुठे आखायचा, तेही तसेच ठरते. पट्टा ज्या बिंदूवर पडेल तिथे पीक विरळ असले तरी खुंटी तिथेच ठोकायची असते. शेतकरी अनेकदा म्हणतो, "साहेब, चार पावले पुढे घ्या, तिथे पीक बरे आहे," आणि त्याला नाही म्हणणे हाच त्या प्रयोगाचा प्राण आहे.

ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रणी आहे, आणि त्यांचा जन्म १९११ साली आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी झाला, हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी दाखवून दिले की फार लहान तुकडा कापला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण शेतात उभे राहिल्यावर लगेच पटते. दोरीच्या अगदी खाली आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ मोठा, आणि अशी काठावरची रोपे जास्त. दुसरे नामवंत भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, आणि या दोन मोठ्या शास्त्रज्ञांत त्यावर गंभीर वाद झाला. मला यातून एक गोष्ट कायमची कळली. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतील, तर हजार प्रयोग करूनही सरासरी सरळ होत नाही.

उत्तर ३ – वाचक, सांगली

सरांनी संख्यात्मक माहितीचा एक बारकावा विस्तारभयाने सोडला असावा, तो आमच्या कृष्णेवरून सांगतो. मापनाच्या चार श्रेणी १९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडल्या. नामश्रेणी आणि क्रमश्रेणी वर आल्या आहेत. उरलेल्या दोन म्हणजे अंतरश्रेणी आणि गुणोत्तरश्रेणी.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी इथला प्रत्येक माणूस फुटांत बोलतो. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २० वरून २५ होणे आणि ४० वरून ४५ होणे, दोन्हींत पाणी पाचच फूट चढले, म्हणून वजाबाकीला अर्थ आहे. परंतु पातळी ४० झाली म्हणजे २० च्या दुप्पट पाणी आले, असे म्हणता येत नाही, कारण पट्टीवरचा शून्य माणसाने सोयीची जागा पाहून ठरवलेला असतो. ही अंतरश्रेणी. अंश सेल्सिअसमधले तापमानही असेच. याउलट पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात तेव्हा शून्य म्हणजे पाऊस पडलाच नाही, म्हणून १०० मिलिमीटर हा ५० च्या खरोखर दुप्पट असतो. ही गुणोत्तरश्रेणी, आणि आपले गुंठे व गाड्या याच श्रेणीत येतात.

याच पुलावर आणखी एक गोष्ट दिसते. "इशारा" आणि "धोका" हे शब्द त्याच फुटांवरून बनवलेले क्रम आहेत. फुटांवरून शब्द केव्हाही बनवता येतो, पण नुसत्या "धोका" या शब्दावरून पाणी ४६ वर आहे की ५७ वर, हे परत काढता येत नाही, आणि ज्याचे घर नदीकाठी आहे त्याला या दोन आकड्यांतला फरक चांगलाच ठाऊक असतो. म्हणून माहिती गोळा करताना शक्य तितके मूळ माप लिहावे आणि गट नंतर पाडावेत. कंदकुजीचेही "थोडी" असे न लिहिता शंभर रोपांत किती कुजली, असे पुढच्या वेळी मोजता आले तर पाहावे.

सरासरीसोबत पसाराही सांगावा, एवढे जोडतो. आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. या दोन्ही तालुक्यांना धरून काढलेली जिल्ह्याची सरासरी दोघांपैकी कोणाच्याही शेताचे वर्णन करत नाही. सुरुवातीला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे माप सांगितले तरी पुरे. प्रमाण विचलन, म्हणजे मापे मध्यापासून साधारण किती दूर पसरली आहेत हे सांगणारा आकडा, सावकाश शिकावे.

मूळ प्रश्नकर्ती

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने सांगितले, त्याबद्दल मनापासून आभार. कालच वही पुन्हा काढली. उत्पादनाच्या रकान्यात मी खरोखरच काही ठिकाणी ० लिहिले होते आणि त्यांतल्या निम्म्या शेतकऱ्यांनी आले अजून जमिनीतच ठेवले आहे. साधनाच्या रकान्यातले आकडे काढून सरळ विहीर, कालवा, बोअर असे शब्द भरले. एक शंका उरली आहे. ज्यांनी जुने आले काढले, त्यांचा उतारा नव्या आल्याच्या उताऱ्यासोबत एकाच सरासरीत धरावा का?

निवृत्त प्राध्यापक, कराड

धरू नये. जुने आले जमिनीत जास्त महिने राहिलेले असते, त्यामुळे त्याचे वजन आणि दर दोन्ही वेगळे असतात. "नवे" किंवा "जुने" असा एक नामश्रेणीचा रकाना वाढवावा, दोन्हींचा उतारा वेगवेगळा काढावा आणि प्रत्येकापुढे तो किती शेतकऱ्यांवरून काढला, ती संख्या लिहावी. जुन्या आल्याचे चारपाचच शेतकरी निघाले, तर त्यांची सरासरी न काढता त्यांची मापे तशीच्या तशी तक्त्यात द्यावीत. संचालक ती वाचून स्वतः पाहू शकतील.