अंजदीवच्या फेस्ताला तुमच्या घरचं कोणी जायचं का?

पैंगीणची_बाय
नमस्कार. मी काणकोण तालुक्यात पैंगीणला राहते. आमच्या शेजारच्या मांयचं वय ८६. आता तिला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण जानेवारी संपत आला की मला विचारते, ‘होडी सांगून ठेवली का गो?’ होडी म्हणजे अंजदीवची, कारवारजवळच्या समुद्रातल्या बेटाची. तिथल्या नॉस्सा सिन्योरा दास ब्रोतासच्या चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, २ फेब्रुवारीला असायचं.

गोवा मुक्त झाल्यावर, लग्नानंतर, ती सासूबरोबर जायची. काळी नदीवर तेव्हा पूल नव्हता. सदाशिवगडला तरीत बसून कोडीबागला उतरायचं, पुढे होडी. येताना झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं. ती बाटली वर्षभर घरच्या अल्ताराजवळ (देव्हाऱ्याजवळ) असायची म्हणे. ती सांगते तसं मी वहीत लिहून घेते आहे, पण तिच्या बोलण्यात आता दुवे सुटतात. होड्या नेमक्या कुठून सुटायच्या? आणि झऱ्याचं हे काय आहे? तिथे गेलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बैतखोलकर
बाय, मी लिहितो. माझे वडील कारवारच्या बैतखोलचे, त्यांची स्वतःची होडी होती. आम्ही हिंदू, पण फेस्ताच्या दिवशी वडील मासे मारायला जात नसत, माणसं न्यायचे. आदल्या संध्याकाळी होडी घासून धुवायचे, माशांचा वास बायकांच्या कपड्यांना लागू नये म्हणून. मी ८-९ वर्षांचा असेन, पाणी उपसायला मला नेत.

समुद्रातून पहिलं दिसायचं ते चर्चचं पांढरं तोंड. वडील त्यावर नजर ठेवून सुकाणू धरायचे. उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागे. म्हाताऱ्यांना आम्ही हातांची खुर्ची करून काठावर नेत असू. तुमच्या मांयच्या सासूलाही कदाचित माझ्या वडिलांनीच उतरवलं असेल, असं वाचताना मनात आलं.

मिसा (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना वडील दाराबाहेर टोपी काढून उभे राहायचे. मी आत डोकावलो तेव्हा सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या होत्या. वाऱ्याने विझल्या की शेजारच्याच्या ज्योतीवर लावून घेत.

आता बेट नौदलाच्या ताब्यात आहे, लाटा अडवायच्या बांधाने ते किनाऱ्याला जोडलंय. सामान्य माणसाला जाता येत नाही. कारण मला कळतं, तरी त्या पांढऱ्या भिंतीची आठवण जात नाही.

जुनी_कागदं
झऱ्याबद्दल. ‘ब्रोतास’ या नावात झऱ्यांचा अर्थ आहे, मांय म्हणते ते अगदी नेमकं आहे. जेमतेम दीड चौरस किलोमीटरच्या या बेटाला एवढा इतिहास मिळाला तो गोड्या पाण्यामुळे आणि आडोशामुळे. वास्को द गामाने १४९८ मध्ये परत जाताना इथेच पाणी भरलं, जहाजं डागडुजीला काढली. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाने किल्ला बांधला, तो वर्षभरातच मोडून टाकला.

१६६२ मध्ये मुंबई ताब्यात घ्यायला आलेल्या इंग्रज शिपायांना पोर्तुगीजांनी मुंबई दिली नाही, म्हणून ते इथे येऊन राहिले. निम्म्याहून जास्त आजाराने मेले. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही १६६४ मध्ये इथेच गेला. पाणी होतं, पण पावसाळा अंगावर घ्यायला धड निवारा नव्हता.

मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं वर्ष १६८२. संभाजी महाराज बेट घेण्याच्या हालचाली करत होते. त्याआधीच पोर्तुगीजांनी माणसं उतरवून नवा किल्ला उभारला. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, पोर्तुगीजांकडून बेट घेताना भारतीय नौदलाचे ७ जवान कामी आले. चर्चबद्दल लिहिताना त्यांचीही आठवण ठेवा.

मांयचं बोलणं शक्य तर आवाजासकट टिपून ठेवा. फेस्ताला काय जेवायचे, कोणतं गीत म्हणायचे, हे कागदांत सापडत नाही.

पैंगीणची_बाय
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी मांयला सगळं वाचून दाखवलं. इंग्रजांचं ऐकताना तिचा डोळा लागला. हातांच्या खुर्चीचं वाचलं तेव्हा मात्र जागी झाली आणि म्हणाली, ‘सासूमांय उतरताना ओरडायची, आणि एक लहान मुलगा हसायचा.’

बैतखोलकर दादा, तो तुम्हीच असाल का? मी वहीत लिहिलंय, पुढे जागा मोकळी ठेवली आहे. जेवणाचंही आजच विचारलं: सान्नां (तांदळाच्या इडलीसारखी) आणि केळीच्या पानात बांधलेली सुकी सुंगटं (कोळंबी). गीताची पहिली ओळ ती गुणगुणली, पुढची आठवली नाही. उद्या सकाळी, ती ताजीतवानी असताना, पुन्हा विचारते.